सजग स्वप्न

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणे म्हणजे सजग स्वप्न. बोलण्यात ल्युसिड ड्रीम. कळले म्हणून स्वप्न हवे तसे वळवता येतेच असे नाही. नवशिक्याने निव्वळ कळण्यावरच आधी समाधान मानावे.

तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोग ही जुनी साधना आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही (१.३८) स्वप्न व निद्रेतील ज्ञान चित्ताचे आलंबन (आधार) म्हणून सांगितले आहे. प्रयोगशाळेतला पुरावा १९७५ साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांना मिळाला. स्वप्ने बहुतांशी रेम, म्हणजे डोळे भराभर हलण्याच्या, झोपेत पडतात. तेव्हा शरीराचे स्नायू शिथिल असतात, डोळे मात्र हलतात. म्हणून हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या अ‍ॅलन वर्स्ली यांनी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातूनच खूण केली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी हीच खूण वापरून संशोधन वाढवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर झोपलेल्या व्यक्तींनी साध्या वजाबाकीचे उत्तर डोळ्यांच्या हालचालींनी दिले.

सुरुवात वहीपासून करावी. वही टाळून थेट युक्त्यांकडे वळणारे लवकर कंटाळतात. जाग येताच हालचाल न करता स्वप्न आठवावे आणि उशाशी ठेवलेल्या वहीत लिहावे. इंदूरच्या मराठी घरांत आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी चालते. स्वप्नात जे ज्या भाषेत ऐकले ते त्याच भाषेत नोंदवावे. घरात कधी हिंदी न बोलणारी आजी स्वप्नात वारंवार हिंदीत रागावत असेल, तर तीच आपली स्वप्न ओळखण्याची खूण. काही आठवड्यांनी अशा खुणा वहीत आपोआप उठून दिसतात.

दिवसा ‘मी जागा आहे ना?’ हे खरोखर शंका घेऊन तपासावे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घ्यावा. जागेपणी तो येत नाही, स्वप्नात बहुधा येतो. दुकानाची पाटी वाचून नजर हटवावी आणि पुन्हा वाचावी. स्वप्नातली अक्षरे बहुधा टिकत नाहीत. इंदूरच्या राजवाड्यावरून जाता-येता त्याचे मजले मोजावेत. ते सात आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. दोनदा मोजून आकडा बदलला तर शंका घ्यायला जागा आहे.

झोपेचे चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि रेमचा भाग पहाटेकडे लांबत जातो. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मध्यरात्रीपर्यंत खाऊन एक-दीडला झोपायचे आणि सहाला उठायचे, तर नेमका हाच भाग हातचा जातो. लाबर्ज यांच्या पद्धतीत पाच-एक तासांच्या झोपेनंतर उठून नुकतेच पडलेले स्वप्न आठवतात, आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा निश्चय करून पुन्हा झोपतात. हे सुट्टीच्या पहाटेच करावे आणि मोडलेली झोप भरून काढावी. पोहे-जिलबी थोडी उशिरा खाल्ली तरी चालते.

पहिल्यांदा कळताच आनंदाच्या भरात बहुधा जाग येते. तेव्हा स्वप्नातले हात एकमेकांवर चोळावेत, जवळची वस्तू निरखावी.

कधी जाग येऊनही अंग हलत नाही. ‘छातीवर भूत बसले’ म्हणतात ती हीच अवस्था, म्हणजे झोपेतील पक्षाघात. ती थोड्या वेळात आपोआप सुटते. निद्रानाश असणाऱ्यांनी झोप मोडणारी पद्धत टाळावी, आणि भास होण्याचा मानसिक आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये.