वाटणीपत्राचीच राज्यघटना झाली तेव्हा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं चालू घडामोडी घोकत असतात. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या वह्यांत एक ओळ आली : बोस्निया-हर्झेगोविनाशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायला युरोपीय संघाची मंजुरी. एका मुलीनं विचारलं, "सर, युद्ध तर १९९५ लाच थांबलं ना? मग इतकी वर्षं हे लोक काय करत होते?"

रास्त प्रश्न. माझ्या मते अडचण अशी, की ज्या कागदानं युद्ध थांबवलं तोच पुढं आडवा आला.

युगोस्लाव्हिया फुटत असताना त्याचाच भाग असलेल्या बोस्नियात एप्रिल १९९२ मध्ये युद्ध पेटलं. लढणारे समाज तीन : बोस्नियाक मुस्लिम, सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट कॅथलिक ख्रिस्ती. बोली मात्र एकमेकांना सहज कळणारी. साडेतीन वर्षांत सुमारे एक लाख माणसं गेली. जुलै १९९५ मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि पोरं मारली गेली. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेनं बोस्नियाचे इझेतबेगोविच, सर्बियाचे मिलोशेविच आणि क्रोएशियाचे तुजमान या तीन राष्ट्राध्यक्षांना ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर आणून बसवलं. १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. देशाची राज्यघटना म्हणजे याच कराराचं चौथं परिशिष्ट, तेही मुळात इंग्रजीत लिहिलेलं.

आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की वावराचे हिस्से पडतात, धुऱ्यावर दगड रोवले जातात. विहीर सामाईक राहते आणि पाण्याची पाळी ठरते. भांडण मिटतं, पण मोटर बदलायची म्हटलं की सगळ्यांचा होकार लागतो. डेटनमध्ये हेच झालं. ५१ टक्के जमीन बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला, ४९ टक्के सर्बांच्या रेपुब्लिका स्रप्स्काला. फेडरेशनचे पुन्हा १० कॅन्टन म्हणजे छोटे प्रांत, प्रत्येकाचं वेगळं मंत्रिमंडळ. राष्ट्राध्यक्ष तीन, आणि अध्यक्षतेची पाळी दर आठ महिन्यांनी बदलते. एवढा संसार जेमतेम ३५ लाख लोकांसाठी!

मग सुधारणा बाहेरून आल्या. करारानं नेमलेल्या परदेशी 'उच्च प्रतिनिधी'ला १९९७ मध्ये बॉनच्या बैठकीनंतर थेट कायदा लादायचे आणि पदाधिकाऱ्यांना काढायचे अधिकार मिळाले. गाड्यांच्या नंबर प्लेटचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. प्लेटवरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं, म्हणून कुणी पलीकडे गाडी न्यायला धजत नसे. १९९८ मध्ये नव्या प्लेटा आल्या, आणि त्यांवर लॅटिन (रोमन) व सर्ब वापरतात ती सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारीच अक्षरं घेतली. लोक ये-जा करू लागले.

पण हुकमानं प्लेट बदलते, घटना बदलत नाही. २००३ मध्ये थेसालोनिकीच्या परिषदेत युरोपीय संघानं बाल्कन देशांना दार उघडं असल्याचं सांगितलं. २००६ ची घटनादुरुस्ती बोस्नियाच्या संसदेत दोन मतांनी पडली. शेजारचा क्रोएशिया २०१३ मध्ये संघात गेलाही. बोस्नियाचा अर्ज २०१६ चा. २०१९ मध्ये संघानं त्यापुढं १४ अटी ठेवल्या. उमेदवाराचा दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. युक्रेनवर रशियानं हल्ला केला नसता तर तोही इतक्यात मिळाला असता का, याची मला शंका आहे.

सगळ्यात अवघड गाठ जातीच्या रकान्याची. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात आपल्याला नोकऱ्यांत वाटा कबूल झाला तो विभागाच्या लोकसंख्येवर. तो किती पाळला गेला हा वेगळा विषय, पण विदर्भात राहणारा प्रत्येक माणूस त्यात मोजला जात होता. डेटननं मात्र राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब एवढ्यांनाच ठेवलं. बोस्नियाचेच नागरिक असलेले देर्वो सेयदिच रोमा या अल्पसंख्य समाजाचे आहेत, याकोब फिन्सी ज्यू. दोघांनाही उमेदवारीच नाही. ते स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये जिंकले. निकालाला पंधरा वर्षं उलटली तेव्हाही कलम जिथल्या तिथंच होतं.

"मग फॉर्मवर सर्ब नाहीतर क्रोएट लिहून मोकळं व्हायचं," मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला. तसं लिहिलं असतं तर खटला उभाच राहिला नसता. त्यांनी ते लिहिलं नाही.