लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती

शिवराज पाटील चाकूरकर 'लोकसभेचे सभापती' होते, असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. मला ते खटकतं. ते अध्यक्ष होते, १९९१ ते १९९६. सभापती असतात राज्यसभेला. आपल्या विधिमंडळातही विधानसभेला अध्यक्ष आणि विधान परिषदेला सभापती असतात, म्हणजे ही जोडी मराठी कानांना नवी नाही.

फरक नुसता नावाचा असता तर सोडून दिला असता. लोकसभेचा अध्यक्ष हा स्वतः खासदार. बाकीचे खासदार त्याला आपल्यातून निवडतात. लातूरचे नगराध्यक्ष, मग आमदार, मग विधानसभेचे अध्यक्ष आणि १९८० पासून खासदार, असे पायरी-पायरीने चाकूरकर त्या आसनापर्यंत पोचले. राज्यसभेचा सभापती मात्र त्या सभागृहाचा सदस्यच नसतो. जो उपराष्ट्रपती, तोच सभापती. म्हणून राज्यसभेचा खासदार कितीही गाजला, तरी खासदार राहून त्याला मिळू शकतं ते उपसभापतीपदच.

प्रतिभाताई पाटलांचंच बघा. जळगावच्या कोर्टात वकिली केली, १९६२ला वयाच्या २७व्या वर्षी आमदार झाल्या, १९८५ला राज्यसभेत गेल्या आणि पुढच्याच वर्षी उपसभापती. २५ जुलै १९८७ला उपराष्ट्रपती वेंकटरामन राष्ट्रपती झाले आणि सभापतींचं आसन रिकामं पडलं. सप्टेंबरात नवे उपराष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा येईपर्यंत तिथलं सगळं काम प्रतिभाताईंनी सांभाळलं. घटनेच्या कलम ९१मध्ये तशी सोयच आहे. पण त्या काळातही त्यांचं पद उपसभापतीचंच होतं.

अधिकारांत तर अध्यक्षांचं पारडं जडच. एखादं विधेयक धनविधेयक, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं, आहे की नाही, हे तेच ठरवतात आणि तो निर्णय अंतिम असतो. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली तर तीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. सभापतींकडे यातलं काही नाही. पक्षांतराची प्रकरणं मात्र दोघंही आपापल्या सभागृहापुरती निकाली काढतात.

२००४ला चाकूरकर लातुरात हरले, तरी केंद्रीय गृहमंत्री झाले आणि मग राज्यसभेवर गेले. पाच वर्षं 'अध्यक्ष महोदय' ऐकलेल्या या माणसासमोर आता सभापतींचं आसन होतं, आणि त्यावर भैरोसिंह शेखावत.