बंदिस्त जिराफांचा आहार: प्रथिनांपासून पाल्यापर्यंत

१८२७ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीने फ्रान्सच्या राजाला भेट दिलेली जिराफाची मादी मार्सेहून पॅरिसला चालत गेली, तेव्हा तिच्या दुधासाठी गायीही सोबत होत्या. पुढे प्राणिसंग्रहालयांत जिराफ रुळले, पण त्यांचा आहार गोठ्यातलाच राहिला: सुकी लसूणघास, भरडलेले धान्य, गोळीखाद्य, वर फळे आणि पाव.

१९७२ मध्ये हॉफमन आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतील रवंथ करणाऱ्या प्राण्यांची जठराच्या रचनेवरून विभागणी केली. जिराफ गवत चरणाऱ्यांत नव्हे, तर पाला खुडणाऱ्यांत गेला. खरे तर तेव्हाच दावण बदलायला हवी होती.

१९७८ मध्ये पशुवैद्य फाउलर यांनी अचानक दगावणाऱ्या बंदिस्त जिराफांची नोंद केली. शवविच्छेदनात हृदयाभोवतीच्या चरबीचा पाणचट लगदा झालेला दिसे. दोष कमी प्रथिनांना दिला गेला आणि खुराकात प्रथिने वाढवण्याचा सल्ला आला. मात्र तशी चरबी झडते ती मुख्यतः ऊर्जा कमी पडल्याने, हे पुढे स्पष्ट होत गेले. थंडीत ऊर्जेची गरज वाढते, तेव्हा धोकाही वाढतो.

ऊर्जेसाठी धान्य वाढवणे हा उपाय सोपा वाटतो, आणि तिथेच घात होतो. धान्यातले पिष्ट (स्टार्च) कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, झपाट्याने आंबते आणि आम्ल तयार होते. चारा कमी म्हणून रवंथ कमी, रवंथ कमी म्हणून लाळ कमी. मग साचलेले आम्ल सौम्य होत नाही. तंतू पचवणारे जिवाणू मरतात, भूक मंदावते आणि जनावर उरलासुरला चाराही टाकते. गोड फळे आणि पावही हेच करतात. शिवाय धान्य व कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, कॅल्शियम थोडे. त्यातून मुतखडे होतात. म्हणून कॅल्शियम-स्फुरदाचे प्रमाण २:१ च्या आसपास ठेवतात.

२००५ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात जिराफांच्या आहारावर खास कार्यशाळा झाली. कमी पिष्टाच्या गोळीखाद्यावर तिथून भर वाढला. धान्याऐवजी मळी न मिसळलेला शुगरबीटचा चोथा वापरता येतो: त्यातले पेक्टिन (विरघळणारा तंतू) लवकर आंबते, पण लॅक्टिक आम्ल साचत नाही.

पाल्याला मात्र पर्याय नाही. डहाळ्या, साल आणि पाने नसली की जिराफ तासन्‌तास गज व भिंती चाटतात. पानगळीच्या प्रदेशांत त्यासाठी उन्हाळ्यातला पाला गोठवून किंवा मुरघास करून ठेवतात.

आहाराची प्रत जोखताना पिशवीवरचे आकडे पुरत नाहीत. जिराफ लसूणघासेची पाने खुडतो आणि देठ टाकतो. दिलेले व उरलेले दोन्ही वजन करून, उष्ट्याचेही पृथक्करण केले, तरच पोटात किती तंतू आणि किती पिष्ट गेले ते कळते.