मोठा ब्लॉक म्हणजे वायमोडेम नव्हे

ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मोडेम प्रोग्रॅमच्या मेन्यूत ‘वायमोडेम’ आणि ‘वायमोडेम बॅच’ अशा दोन वेगळ्या ओळी असायच्या. सगळा घोळ तिथला. वायमोडेम हा मोडेमने, म्हणजे फोनच्या लाइनवरून, फाइली पाठवायचा प्रोटोकॉल, आणि तो मुळातच बॅच प्रोटोकॉल आहे: एका दमात अनेक फाइली पाठवणारा. त्यातून बॅच काढून टाकली की जे उरतं ते एक्समोडेम-वनके, म्हणजे जुन्या एक्समोडेम प्रोटोकॉलचीच मोठ्या ब्लॉकची आवृत्ती; त्याला दुसरं नाव नाही. तरीही जुन्या संगणकांवरच्या लेखांत ‘वायमोडेम म्हणजे १२८ऐवजी १०२४ बाइट पाठवणारा एक्समोडेम’ हे वाक्य अजून एकमेकांच्या पाहून उतरवलं जातं.

एक्समोडेम ठाऊक आहे असं धरतो. वॉर्ड ख्रिस्तेनसेन यांनी १९७७ मध्ये शिकागोत सीपी/एम या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून तो आला. १२८ बाइटचा ब्लॉक, पुढे क्रमांक, मागे तपासणीचा आकडा. घेणाऱ्याने ‘मिळाला’ म्हटलं की पुढचा, ‘बिघडला’ म्हटलं की तोच पुन्हा. ही तपासणी चेकसमने (साध्या बेरजेने) करायची की सीआरसीने (जास्त पक्क्या पद्धतीने) यावर लोक पानंच्या पानं भरतात. घेणाऱ्याने सुरुवातीला एनएके, म्हणजे नकाराची खूण, पाठवला तर चेकसम, ‘सी’ हे अक्षर पाठवलं तर सीआरसी. संपला विषय.

आता ब्लॉकचा आकार. ब्लॉकच्या सुरुवातीला एसओएच म्हणजे ०१ असेल तर पुढे १२८ बाइट, एसटीएक्स म्हणजे ०२ असेल तर १०२४. एक्समोडेम-वनके एवढाच. फायदाही उघड आहे: दर १२८ बाइटनंतर थांबून उत्तराची वाट बघायची ती १०२४नंतर बघायची. लाइन लांबची असेल, मध्ये पॅकेट नेटवर्क असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो. पण ३०० बॉडच्या (सेकंदाला साधारण ३० बाइट) खरखरत्या लाइनवर १०२४ बाइटचा ब्लॉक पार पडायला साधारण ३४ सेकंद लागतात आणि एक बिट हलला की ते सगळे सेकंद वाया. तिथे मी १२८च ठेवीन.

लोक अडखळतात ते याच्या पुढे. वायमोडेम १२८च्या ब्लॉकनेही चालतो, १०२४च्याही, आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळले तरी त्याला चालतं. म्हणजे ब्लॉकचा आकार बघून वायमोडेम ओळखताच येत नाही. त्याला ओळखायचं ते डेटा सुरू होण्याआधी येणाऱ्या शून्य क्रमांकाच्या ब्लॉकवरून. त्यात फाइलचं नाव असतं, मग एक शून्य बाइट, मग फाइलची लांबी साध्या दशमान आकड्यांत, आणि पाठवणाऱ्याची इच्छा असेल तर शेवटच्या बदलाची वेळ. ट्रक मोठा केला म्हणून बिल्टी आपोआप येत नाही. शून्य ब्लॉक ही बिल्टी आहे.

तारेवर हे असं दिसतं. घेणारा ‘सी’ पाठवतो. पलीकडून ०१, ००, एफएफ (म्हणजे २५५) असे तीन बाइट येतात: १२८चा ब्लॉक, क्रमांक शून्य, आणि त्या क्रमांकाचा उलटा. पाठोपाठ फाइलचं नाव, शून्य, ‘१००००’, आणि उरलेली जागा शून्यांनी भरलेली. घेणारा पोच देतो आणि लगेच दुसरा ‘सी’ पाठवतो. मग ब्लॉक १ पासून खरा डेटा. फाइल संपल्याची खूण आली, तिला पोच मिळाली, की घेणारा पुन्हा ‘सी’ म्हणतो आणि पुढच्या फाइलचा शून्य ब्लॉक येतो. नाव रिकामं असलेला शून्य ब्लॉक आला की बॅच संपली.

(क्रमांक एका बाइटचा असल्यामुळे २५५नंतर डेटाच्या ब्लॉकवरही पुन्हा ०० येतो. ‘शून्य क्रमांक दिसला की नाव वाच’ असा कोड लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

लांबी कळण्याचं महत्त्व लोक हमखास विसरतात. सीपी/एम फाइल १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्येच मोजायचं, त्यामुळे एक्समोडेमला नेमकी लांबी सांगायची गरजच नव्हती. तोच एक्समोडेम डॉसवर आला तेव्हा १०००० बाइटची फाइल ७९ ब्लॉकमध्ये १०११२ बाइटची होऊन पोचू लागली. शेवटचे ११२ बाइट बहुधा जागा भरायला घातलेली कंट्रोल-झेड ही खूण. सगळे ब्लॉक १०२४चे ठेवले तर १०२४०. म्हणजे वनकेने हा त्रास वाढवलाच. वायमोडेमचा घेणारा शून्य ब्लॉकमधली लांबी बघून शेपूट कापतो.

आता रात्रीच्या कामाकडे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या कॉलचा दर रात्री उतरायचा, म्हणून लोक स्क्रिप्ट लावून झोपायचे: एटीडीटी (मोडेमला फोन लावायची आज्ञा) आणि नंबर, ‘कनेक्ट’ येईपर्यंत थांब, नाव दे, पासवर्ड दे, फाइली उतरव, फोन ठेव. एक्समोडेमवर, मग तो साधा असो की वनके, प्रत्येक फाइलसाठी पलीकडे एकदा नाव सांगायचं आणि अलीकडे पुन्हा तेच नाव देऊन घ्यायला बसायचं. नावांची यादी आधीच हातात हवी. वाइल्डकार्डचा उपयोग नाही, कारण किती आणि कोणत्या फाइली येणार हे घेणाऱ्याला कळायला वाटच नाही. मध्येच एक फाइल फसून जोडी सरकली, तर दुसरी फाइल तिसरीच्या नावाने डिस्कवर जाते आणि कुणी हूं की चूं करत नाही. वायमोडेमवर पलीकडे एक आज्ञा, अलीकडे एक आज्ञा.

बॅच ही कल्पना मात्र वायमोडेमची नव्हे, हेही सांगायला हवं. सीपी/एमवरचा मोडेम७ हा प्रोग्रॅम आधीपासून नाव पाठवायचा, पण एकेक अक्षर पाठवून प्रत्येकाची पोच घेत. वायमोडेम घडवणाऱ्या चक फोर्सबर्ग यांनी ते सगळं एका तपासलेल्या ब्लॉकमध्ये बसवलं. वनकेलाच वायमोडेम म्हणून विकणाऱ्यांवर ते इतके वैतागले की त्यांच्या स्वतःच्या प्रोटोकॉल-दस्तऐवजात ‘खरा वायमोडेम’ असा वेगळा शब्दप्रयोग करावा लागला.

हा घोळ इतिहासजमा झालेला नाही. पुण्या-बंगळूरच्या एम्बेडेड टीममध्ये बोर्ड सुरू करणाऱ्या यू-बूट या प्रोग्रॅमच्या सीरियल कन्सोलवर ‘लोडवाय’ (वायमोडेमने घे) देऊन लॅपटॉपवरून ‘एसएक्स’ला (एक्समोडेमने पाठवणाऱ्या आज्ञेला) वनकेचा पर्याय लावून फाइल ढकलणारे आजही भेटतील. बोर्ड शून्य ब्लॉकची वाट बघत असतो आणि त्याच्यापुढे येतो ब्लॉक १. कधी ट्रान्सफर तिथेच रद्द होते, कधी नुसते ‘सी’ येत राहतात, आणि मग केबलला दोष दिला जातो, बॉड रेट उतरवून बघितला जातो. ‘लोडवाय’ला पलीकडे वायमोडेमने पाठवणारा ‘एसबी’ लागतो, आणि ‘एसएक्स’च वापरायचा असेल तर बोर्डवर ‘लोडएक्स’ द्या.

एखादा जुना प्रोग्रॅम काय बोलतो हे कळायला मॅन्युअल धुंडाळायची गरज नाही. त्याला ‘वायमोडेमने घे’ म्हणा. फाइलचं नाव विचारत बसला, तर तो एक्समोडेम-वनके.