रिकाम्या फेरीचा भार : इंदूरजवळच्या गावांच्या बससेवेची पार्श्वभूमी

मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली आणि सरकारी देखरेखीखालची बस पुन्हा गावापर्यंत येईल, अशी आशा खेड्यापाड्यांत निर्माण झाली. सिमरोल, राऊ, कनाडिया अशा गावांतून रोज इंदूरला येणाऱ्यांसाठी हा विषय मुळीच नवा नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बस चालवणारे हात अनेकदा बदलले. सकाळी शहराकडे येताना गच्च भरलेली गाडी उलट फेरीत रिकामी जाते, तेव्हा त्या रिकाम्या फेरीचा खर्च कोणी सोसायचा, यावरच प्रत्येक वेळी गावाची बस टिकली किंवा बंद पडली.

आसपासचा मुलूख शहराशी जोडण्याचे पहिले मोठे काम रेल्वेने केले. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले आणि १८७०च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. महू आणि राऊ यांना तिचा लाभ झाला. पुढे मराठी वस्ती असलेल्या लोकमान्य नगर व राजेंद्र नगर या वसाहतींनाही याच मार्गावर स्थानके मिळाली. कनाडिया, नेमावर किंवा देपालपूर रस्त्यावरच्या गावांकडे मात्र रूळ कधीच गेले नाहीत, त्यामुळे त्यांची सारी भिस्त मोटारीवर राहिली.

या मोटारींचे मुख्य ठिकाण म्हणजे सरवटे बसस्थानक. संविधान सभेचे सदस्य राहिलेले विनायक सीताराम सरवटे, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांतले तात्या सरवटे, यांचे नाव त्याला दिले आहे. छोटी ग्वालटोलीलगतचे हे स्थानक रेल्वे स्टेशनपासून चार पावलांवर आहे आणि त्याचे खरे मोल या शेजारातच आहे. खेड्यातून आलेला माणूस डोक्यावरचे गाठोडे न उतरवता आगगाडीपर्यंत पोचतो, हे ज्याने एकदा पाहिले असेल, त्याला दोन वाहनांची स्थानके जवळ असण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पश्चिमेला धार रस्त्यावर दुसरे स्थानक आहे. ते मध्य भारताचे मुख्यमंत्री मिश्रीलाल गंगवाल यांच्या नावाने ओळखले जाते आणि धार-झाबुआकडच्या गाड्या तिथून सुटतात.

१९६२ मध्ये मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम स्थापन झाले. निगमाच्या गाडीला वेळापत्रक होते, आणि लांब पल्ल्याच्या मार्गांची मिळकत खेड्यांच्या तोट्याच्या फेऱ्यांना आधार देऊ शकत होती. पुढे मात्र जुन्या होत गेलेल्या गाड्या, वाढता तोटा आणि त्याच रस्त्यांवर खाजगी बसची चढाओढ यांत निगम खचत गेले, आणि २००५ मध्ये ते गुंडाळण्याचा निर्णय झाला. माझ्या मते इंदूरच्या परिसरातील गावांचे सर्वांत मोठे नुकसान याच निर्णयाने केले. परवाना घेऊन धावणारा खाजगी मालक रिकामी फेरी स्वतःच्या खिशातून सोसतो, म्हणून ‘सवारी’ पुरेशी जमल्याशिवाय त्याची गाडी हलत नाही. संध्याकाळी सातनंतर चालक खाली उतरून चहा पीत उभा, वाहक ‘महू, महू’ म्हणून हाका मारतो आहे आणि आत भाजीच्या रिकाम्या टोपल्या पायांशी घेऊन बसलेल्या बायका पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत आहेत, हे दृश्य त्या व्यवस्थेतूनच आले.

त्याच २००५ च्या अखेरीस महानगरपालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून शहर बस कंपनी स्थापन केली. तीच आजची अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड. मार्ग व भाडे कंपनीने ठरवायचे आणि गाड्या खाजगी ठेकेदाराने आणायच्या, ही तिची रीत देशभर नावाजली गेली, आणि शहराच्या आत ती यशस्वीही झाली. परंतु तिकिटाच्या उत्पन्नावर विसंबलेला ठेकेदार स्वाभाविकपणे गर्दीचे मार्ग धरतो. मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात, बससाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या मार्गिकेवर, ‘आयबस’ धावू लागली. तिथे ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळत, म्हणून रिकामी फेरीही नेमाने होत असे. हा हिशेब गावांच्या मार्गांपर्यंत पोचला असता, तर चित्र वेगळे दिसले असते. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती राखीव मार्गिकाच काढण्याचे ठरले.

२०१४ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढली आणि २९ गावे शहरात आली. निपानिया, बिजलपूर, लिंबोदी ही त्यांतलीच. कर शहराचा लागू झाला, पण बस त्या वेगाने आली नाही. आतल्या रस्त्यांवर मॅजिक या छोट्या प्रवासी गाड्या आणि रिक्षा यांनीच ती पोकळी भरून काढली. ही वाहने माणसांना वेळेवर कामावर पोचवतात हे खरे, पण त्यांना ना वेळापत्रक आहे, ना पास.

आता बसस्थानकेच शहराच्या कडेला सरकत आहेत. नवलखा बसस्थानकावरच्या गाड्या आधी तीन इमलीला गेल्या आणि पुढे नायता मुंडल्याकडे. एमआर-१० या मोठ्या रस्त्यावर कुमेडीलाही आंतरराज्य बसस्थानक उभारले गेले. शहरातली कोंडी कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोचा पहिला टप्पाही गांधी नगरजवळच्या सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे कडेलाच आहे. परिणामी पूर्वी एका तिकिटात शहराच्या मध्यापर्यंत येणाऱ्या खंडवा रस्त्यावरच्या प्रवाशाला आता वेशीवर उतरून दुसरी गाडी धरावी लागते, आणि ती दुसरी गाडी रात्री साडेआठलाही मिळेल की नाही, हे नव्या सुगम परिवहन योजनेत बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे तिकिटावर मिळणार की किलोमीटरवर, यावर ठरेल.