गावरान कोंबडीचं पोट आणि ब्रॉयलरचं पोट, घोळ नेमका कुठे होतो

ब्रॉयलर सगळ्यांना माहितीये, सिन्नर-दिंडोरीकडे शेड बघितलेले असतात, खाली भाताचं तूस, खायला मक्का नि सोयापेंड, पाच-सहा आठवड्यात लिफ्टिंग, म्हणजे विकायला उचल. गावरान म्हणजे पेठ-हरसूलकडची, उकिरडा उकरून किडे, गवत, दाणे मिळेल ते खाणारी, कित्येक महिने जगलेली. चवीवर भांडायचं नाहीये, मला गावरानच आवडते.

पोटातल्या बॅक्टेरियाचा फरक पहिल्या दिवसापासूनच पडतो. खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या विष्ठेत चोच मारत वाढतं, तिचे बॅक्टेरिया त्याला आयते मिळतात. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही. 1973 साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले बॅक्टेरिया पिल्लांना दिले तर साल्मोनेला या माणसाला आजारी पाडणाऱ्या बॅक्टेरियाला त्यांच्या पोटात नीट बस्तान बसवता येईना.

आता इथून लोक थेट उडी मारतात की गावरानच्या पोटात बॅक्टेरियाचे प्रकार जास्त, म्हणजे ती खायला सेफ. अहो नाही! कोंबडीची तब्येत हा एक प्रश्न आणि तिच्या पोटातलं काय आपल्याला बाधतं हा पूर्ण वेगळा प्रश्न. कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया घ्या, कोंबडीचं अंग 41-42 अंशाचं, त्याला तेवढीच ऊब मानवते, त्यामुळे कोंबडी बहुतेकदा ठणठणीत आणि आपल्याला मात्र जुलाब, ताप. तो येतो डबक्यातून, माशांवरून, रानपाखरांच्या विष्ठेतून, म्हणजे मोकळी फिरणारी आणि जास्त दिवस जगणारी कोंबडी त्याला जास्त सापडते. बंद शेडला निदान आडकाठी घालता येते, पण एकदा आत शिरला की काही दिवसात अख्खी बॅच धरतो.

ब्रॉयलरची खरी काळजी वेगळी, जिथे अँटिबायोटिक सर्रास देतात तिथे औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया पोटात वाढतात. म्हणून तर 2019 मध्ये आपल्याकडे कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली, आणि ती कडक पाळलीच पाहिजे.

गावरान खाऊन त्रास होत नाही याचं श्रेय तिच्या पोटाला देऊ नका, ती चिवट म्हणून आपण भरपूर शिट्ट्या काढतो, त्यात सगळं मरतं. त्रास होतो तो शिजवायच्या आधी. कच्चं चिकन, कुठलंही असो, नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या भांड्यांवर जातात, आणि ज्या पाटावर कापलं त्यावरच लगेच काकडी-कांदा चिरू नका, पाट आणि सुरी आधी साबणाने घासून घ्या.