म्हणीतला तेरावा महिना आणि पंचांगातला तेरावा महिना

"आधीच पऱ्हाटी वायली, त्यात विहिरीवरची मोटर जयली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!" कपाशी वाळली, वर मोटरही जळली: वऱ्हाडात पारावर असं कानी आलं की कुणी पंचांग उघडून बसत नाही. एक संकट होतंच, त्यात दुसऱ्याची भर पडली, एवढंच सांगायचं असतं. पहिलं संकट मात्र हवंच. सगळं बरं चाललेलं असताना गाडी पंक्चर झाली, तर ती नुसती कटकट. तिला तेरावा महिना म्हणू नये.

पंचांगातला तेरावा महिना मात्र खरोखरच येतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरसाल ११ दिवसांचा फरक साचतो, तो भरून काढायला ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. हाच धोंड्याचा महिना.

गंमत म्हणजे या महिन्यानं दुष्काळ एका दिवसानंही लांबत नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. अधिक मास असो-नसो, मृग ७-८ जूनलाच लागतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे मृग त्याच्या पोटातच. पेरणारा नक्षत्र पाहतो, महिना नाही. सरकतात ते सण: २०२२ चा पोळा ऑगस्टअखेर झाला, २०२३ चा थेट १४ सप्टेंबरला.

मग म्हणीत हा महिना शिरला कशाला? माझ्या मते उत्तर शेतात नाही, चुलीपाशी आहे. कणगीचा तळ दिसू लागलेला, अन् लेक-जावयाला धोंड्याला बोलवायचं: पुरणाचे धोंडे, ३३ अनारसे, वाण, कपडे. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं साल पाडवा ते पाडवा ठरलं असेल, तर मोल तेवढंच आणि राबणं तेरा महिने.

२०२३ साली दोन्ही अर्थ एकत्रच भेटले. अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट. जुलैत यवतमाळकडे पुरानं शेतं खरडली, आणि ऑगस्टात, सोयाबीन फुलोऱ्या-शेंगांवर असताना, पावसानं दडी मारली. देशभर त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. दोष अर्थात अधिक मासाचा नव्हता. हवामान विभागानं बोट दाखवलं ते प्रशांत महासागरातल्या एल निनोकडे.